डावा मागचा

म्हैसाळ रोडला, उसाच्या दोन फडांमध्ये
दीड एकर माती भुसभुशीत करून घेतलीय.
बांबूचं कुंपण, पाण्याची टाकी, सहा घोडी,
आणि मे महिन्यात विश्रामबागेतून
व्हॅननं येणारी बावीस मुलं.

लगाम पतंगाच्या दोऱ्यासारखा धरा, मी सांगते,
ढील द्या, पण सोडू नका.
टाचा खाली. नजर कानांच्या मधून पुढं.
रडायचं असेल तर उतरून रडा,
पाठीवर नको,
घोडीला वाटतं तिचंच काही चुकलं.

चिमणी सगळ्यात शेवटी आली.
पाच वर्षं शर्यतीच्या गाडीला, डांबरावर.
दांडी घासली तिथं केस पांढरे उगवलेत.
मालकानं विकताना दात दाखवले,
पाठ दाखवली नाही.

मूल बसलं की तिसऱ्या फेरीत
ती कान मागं टाकायची.
डॉक्टर आरवाडे आल्या, खूर दाबले,
पाय दुमडून धरला, एक्स-रे झाला.
पायात काही निघालं नाही.

अब्बा दिवसभर तबेल्याबाहेर बाजेवर.
चाळीस वर्षं मिरज स्टेशनच्या टांग्यांना
नाल मारले त्यांनी.
आता हात कापतात, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.
म्हणाले, "रस्त्यावर चालव तिला.
मातीत खोटं चालता येतंय."

चालवली.
टप, टप, टप,
आणि चौथा जरा हळू,
घरात कुणी झोपलंय की काय
असा उंबऱ्यावर ठेवलेला.

"डावा मागचा," अब्बा म्हणाले.
"पण दुखणं तिथं नाही. वर बघ.
पाय बिचारा नुसता निरोप सांगतोय."

मग हात ठेवला. डॉक्टरांनी दाखवला तसा:
आधी दाबायचं नाही,
तळवा ठेवायचा आणि थांबायचं.
आमच्या घरात कुणी थांबून हात लावलेला नाही.
नालबंदाचा हात म्हणजे
उचल, गुडघ्यांत धर, कानस, खिळा, ठोक,
पुढचं गिऱ्हाईक.

मणक्याच्या कडेनं, कमरेवर
एक जागा सापडली,
भिजून वाळलेल्या दोरखंडाची गाठ जशी.
बोटं लागताच कातडं थरथरलं,
माशी हाकलावी तसं.
मी माशीच झाले.
बसून राहिले.

अकरा दिवस.
गरम पाण्यात पिळलेलं पोतं, तिळाचं तेल,
तळव्याचा खालचा भाग, गोल, सावकाश,
आणि दोरी धरून ओजस कुरणे, वय वर्षं नऊ,
फी भरून एकदाही घोड्यावर न बसलेला.
"दुखायचं थांबलं हे ती सांगणार कशी?"
म्हटलं, दुखतं तेव्हाही सांगितलं नव्हतंच.
कुत्रं केकाटतं, गाय हंबरते,
घोडं गप्प राहून चालतं.

बाराव्या दिवशी, दुपारी,
उसात वारा नव्हता,
तिचा खालचा ओठ लोंबायला लागला.
पापण्या अर्ध्यावर आल्या.
जीभ फिरवली, काही न खाता चघळलं,
आणि मान वळवून
चिमणीनं जांभई दिली.
केवढी!
विकताना दाखवलेले सगळे दात
या वेळी कुणी न मागता.
मग आणखी एक. मग ओजसनं दिली. मग मी.
बाजेवरून अब्बा ओरडले,
"कामाच्या वेळेला कोण झोपलंय रे तिथं?"

अजून बरी नाही ती.
बारा आणे, अब्बा म्हणतात, चार राहिलेत.
पाठीवर खोगीर नाही, मूल नाही,
शिबिराची मुलं परत गेली,
ओजस खरारातले केस कंपासपेटीत घालून गेला.

रोज सकाळी दुधाच्या गाड्या जायच्या आधी
मी तिला रस्त्यावरून आणते.
अब्बा डोळे मिटून
बाजेच्या माचव्यावर बोटानं मोजतात:
एक, दोन, तीन, चार.
हात कापतो, म्हणून बोट
कधी कधी पाचवा ठोका मारतं.
तो धरायचा नाही,
असं आमचं ठरलंय.